केळीच्या बागेतील भीती आणि मेंदूतील धैर्य

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन बागेत शिरावेच लागते. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला तो वाकतो, तेथेच वाळक्या पानांच्या थरात घोणस बसलेली असू शकते, आणि तिचा रंग त्या पानांहून वेगळा ओळखू येत नाही. पायाशी काही सळसळले, की ते काय आहे हे नीट कळण्याआधीच मेंदूतील बदामाएवढा अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि छाती धडधडू लागते. ही भेकडपणाची खूण नव्हे. या घाईनेच आजवर असंख्य जीव वाचवले आहेत.

मग तरीही पाऊल पुढे पडते, तेव्हा मेंदूत काय घडते? इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सापाला घाबरणाऱ्या माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून, सरकत्या पट्ट्यावरचा जिवंत साप जवळ आणायचा की दूर न्यायचा, हे त्यांच्यावरच सोपवले होते. भीती असूनही ज्यांनी साप जवळ आणला, त्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील एका पट्ट्याचे काम भीतीच्या प्रमाणात वाढले. माघार घेताना तसे झाले नाही. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे निरीक्षण: मनाला वाटणारी भीती आणि शरीराची खळबळ या दोन्ही एकाच वेळी शिगेला पोहोचल्या, तर माणूस बहुधा मागे फिरतो, मात्र त्यांपैकी एकच तीव्र असेल, तर तो पुढे जाऊ शकतो.

एकदा साप पाहून हबकलेला माणूस दिवसा त्याच बागेत निर्धास्त फिरतो आणि अंधार पडताच पुन्हा बांधावर थबकतो, याचेही कारण आहे. मेंदू जुनी भीती पुसत नाही, तिच्या शेजारी ‘येथे धोका नाही’ अशी नवी आठवण साठवतो; ही आठवण ज्या परिस्थितीत तयार झाली, तिच्याशी बांधलेली असते. म्हणून सराव दिवसाउजेडी करून भागत नाही. गमबूट घालून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, सोबत्यासह आधी बांधालगतच्या ओळीपर्यंत, मग हळूहळू आत, असे अंधारातच जावे लागते. दंश झालाच, तर भगताकडे वेळ न दवडता आणि आवळपट्टी न बांधता, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. तेथपर्यंतचा रस्ता आणि वाहन आधीच ठरलेले असले, तर त्या रात्रीची धडधडही थोडी आवरते.