1967च्या कौलाने गोवा राज्य झाला का?

30 मेला गोव्याचा घटक राज्य दिन आला की एक वाक्य हमखास फिरतं: ‘1967च्या सार्वमतात गोवेकरांनी वेगळं राज्य मागितलं आणि मिळवलं.’ हे चूक आहे.

16 जानेवारी 1967च्या जनमत कौलात ‘राज्य’ हा पर्यायच नव्हता. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे आहे तसा केंद्रशासित प्रदेश. पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021. म्हणजे विलीनीकरण टळलं, एवढंच. राज्याचा दर्जा यायला पुढे वीस वर्षं गेली. 30 मे 1987 रोजी गोवा देशाचं 25वं राज्य झालं, दमण आणि दीव मात्र केंद्राकडेच राहिले. मुक्तिदिन वेगळा, तो 19 डिसेंबर (1961). शुभेच्छा पाठवताना हे दोन दिवसही सर्रास उलटेपालटे होतात.

पणजीत मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयाबद्दलही असाच घोळ आहे. ‘पोर्तुगीजांनी बांधलं’ म्हणतात, पण मूळ वास्तू आदिलशहाचा राजवाडा. पोर्तुगीजांनी तिची डागडुजी-फेरबांधणी केली आणि 1759पासून व्हाइसरॉय तिथे राहू लागले. मुक्तीनंतर विधानसभा इथेच भरायची, राज्य झाल्यावरही. पर्वरीला ती गेली 2000 साली.

शेजारचा हात पसरून उभा पुतळा आबे फारियाचा, म्हणजे संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय पाद्र्याचा. समोरची बाई घाबरून नव्हे, संमोहनाने कोसळतेय.