दोनशे पायऱ्यांची आठवण

रशियात व्होल्गा नदीच्या पश्चिम काठावर वसलेल्या व्होल्गोग्राड शहरात, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडमध्ये, मामायेव कुर्गान नावाची एक टेकडी आहे. पायथ्यापासून माथ्यावरच्या स्मारकाकडे जाणाऱ्या माणसाला 200 पायऱ्या चढाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि सोव्हिएत सैन्यांत झालेली स्टालिनग्राडची लढाई 17 जुलै 1942 रोजी सुरू झाली आणि 2 फेब्रुवारी 1943 रोजी संपली. त्या 200 दिवसांसाठी या 200 पायऱ्या आहेत. माथ्यावर मातृभूमीचा पुतळा तलवार उगारून उभा आहे. शिल्पकार येव्गेनी वुचेतिच यांच्या कल्पनेतून साकारलेला आणि 1967 मध्ये खुला झालेला हा पुतळा तलवारीच्या टोकापर्यंत 85 मीटर उंच आहे. लढाईविषयी एक अक्षरही वाचण्याआधी येणाऱ्याच्या पायांना तिची लांबी कळलेली असते, आणि एखादे राष्ट्र लढाई कशी लक्षात ठेवते या प्रश्नाकडे वळण्यासाठी मला ही टेकडी सर्वांत योग्य जागा वाटते.

राष्ट्राला मेंदू नसतो. आठवतात ती माणसेच. तरीही लढाईनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या कोट्यवधी लोकांना ती जवळजवळ एकाच प्रकारे ‘आठवते’, हे कसे? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी 1925 मध्ये असे मांडले की, व्यक्तीची स्मृती समाजाने पुरवलेल्या चौकटींच्या आधाराने उभी राहते. कुटुंब, धर्म किंवा वर्ग आपल्याला काय आठवण्याजोगे आहे ते शिकवतो, आणि ज्या गोष्टीला अशी चौकट मिळत नाही ती हळूहळू विरून जाते. सामूहिक स्मृतीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या या विद्वानाचा 1945 मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत अंत झाला.

चौकट आठवणीला आकार कसा देते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक अपरिचित लोककथा वाचायला दिली आणि काही काळानंतर ती पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला कथा आखूड होत गेली, अनोळखी तपशील गळाले आणि उरलेले ओळखीच्या साच्यात बसवले गेले. सांगणारे खोटे बोलत नव्हते. आठवणे म्हणजे पेटीतून जपून ठेवलेली वस्तू काढणे नव्हे, तर उरलेल्या तुकड्यांपासून ती पुन्हा घडवणे होय.

स्टालिनग्राडमधील ‘पाव्लोव्हचे घर’ हे याचे बोलके उदाहरण आहे. सप्टेंबर 1942 च्या अखेरीस सार्जंट याकोव्ह पाव्लोव्ह यांच्या लहानशा तुकडीने एका चार मजली इमारतीचा ताबा घेतला आणि पुढे सुमारे दोन महिने ती इमारत जर्मनांच्या हाती लागली नाही. थोड्याच दिवसांत कुमक घेऊन लेफ्टनंट इव्हान अफानास्येव्ह तेथे पोहोचले आणि बचावाची सूत्रे त्यांच्याकडे गेली. सोव्हिएत संघातील निरनिराळ्या वंशांचे सैनिक तेथे लढत होते आणि तळघरात नागरिकही आसऱ्याला होते. स्मृतीत मात्र एक घर आणि एक नाव उरले. पाव्लोव्ह यांना 1945 मध्ये ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला, अफानास्येव्ह यांना तो मिळाला नाही. पाव्लोव्ह यांचे शौर्य खरेच होते, त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण अनेकांनी मिळून केलेली गुंतागुंतीची कामगिरी एका नावात मावली की सांगायला सोपी होते, आणि जे सांगायला सोपे तेच टिकते.

असे साचे केवळ एका घटनेपुरते नसतात. अमेरिकन संशोधक जेम्स वर्ट्श यांनी रशियन स्मृतीत वारंवार येणारा एक साचा दाखवून दिला आहे: शांत असलेल्या देशावर परका शत्रू चालून येतो, देश विनाशाच्या कड्यापर्यंत ढकलला जातो आणि अखेर स्वतःच्या बळावर शत्रूला हुसकावतो. नेपोलियनची 1812 मधील स्वारी आणि हिटलरचे आक्रमण या दोन्ही घटना त्यात चपखल बसतात. साच्यात तथ्य असते, म्हणूनच तो मनाला पटतो.

पण साच्याबाहेरच्या गोष्टींचे काय होते? ‘एक पाऊलही मागे नाही’ या घोषणेने ओळखला जाणारा, स्टालिनचा जुलै 1942 मधील आदेश क्रमांक 227 परवानगीवाचून माघार घेणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा आणि दंडात्मक तुकड्या ठरवणारा होता. घोषणा सर्वांना पाठ होती, आदेशाचा मजकूर मात्र सोव्हिएत संघात 1988 पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. जर्मन सैन्याबरोबर काम करणारे हजारो सोव्हिएत नागरिकही, सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडजवळ त्या सैन्याला घातलेल्या वेढ्यात अडकले होते. त्यांना कथेत जागाच नव्हती. सेन्सॉरशिप हे यामागचे उघड कारण आहे, पण मानसशास्त्राला त्याच्या जोडीला आणखी एक प्रक्रिया दिसते. एखाद्या विषयातील काही भाग पुन्हा पुन्हा आठवले की त्यांच्याशी जोडलेले पण न उच्चारलेले भाग आठवणे अधिक अवघड होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा परिणाम बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यातही आढळला. म्हणजे दर वर्षी तेच भाषण ऐकणारा समाज काय लक्षात ठेवायचे ते शिकतो आणि त्याबरोबर नकळत विसरतही जातो.

ही गोष्ट एकट्या रशियाची नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 देशांतील लोकांना दुसऱ्या महायुद्धाविषयी प्रश्न विचारले गेले. विजयी बाजूच्या 8 देशांतील लोकांनी विजयात आपापल्या देशाचा वाटा किती टक्के होता याचा अंदाज सांगितला, तेव्हा त्या सरासरी अंदाजांची बेरीज 309 टक्के झाली. रशियनांचा अंदाज 75 टक्के होता, तर अमेरिकन आणि ब्रिटिश या दोघांचाही निम्म्याहून थोडा अधिक. युद्धातील महत्त्वाच्या घटना सांगताना इतर देशांतील बहुतेकांच्या मनात पर्ल हार्बर, नॉर्मंडी आणि अणुबॉम्ब येत होते. रशियनांच्या यादीत स्टालिनग्राड, कुर्स्क आणि लेनिनग्राडचा वेढा अग्रभागी होता.

शहराच्या नावातही हा झगडा दिसतो. 1925 पर्यंत त्सारित्सिन असलेले शहर स्टालिनग्राड झाले आणि 1961 मध्ये, स्टालिनचा ठसा पुसण्याच्या काळात, व्होल्गोग्राड. मॉस्कोतील अज्ञात सैनिकाच्या समाधीजवळच्या शिळेवरही व्होल्गोग्राड कोरले गेले होते. 2004 मध्ये तेथे पुन्हा स्टालिनग्राड हे नाव आले. 2013 पासून वर्षातील ठरावीक स्मृतिदिनी शहरालाही अधिकृत कार्यक्रमांत जुन्या नावाने संबोधले जाते. लढाई आठवायची तर ते नाव लागते, आणि नाव घेतले की स्टालिनही मागोमाग येतो.

जर्मन अभ्यासक यान आस्मान यांच्या मते तोंडोतोंडी चालणारी आठवण तीन-चार पिढ्या, म्हणजे सुमारे 80 ते 100 वर्षे टिकते; त्यानंतर ती स्मारके, विधी आणि ग्रंथ यांच्या हवाली होते. स्टालिनग्राडची लढाई आता त्याच टप्प्यावर आहे. शहराच्या वायव्येला रोसोश्का येथे, उघड्या माळरानावर, 1999 मध्ये जर्मन सैनिकांची दफनभूमी खुली झाली. तेथील ग्रॅनाइटच्या मोठ्या घनांवर, ज्यांचे अवशेष कधी सापडलेच नाहीत, अशा बेपत्ता सैनिकांची नावे ओळींमागून ओळी कोरलेली आहेत. रस्त्याच्या पलीकडे सोव्हिएत सैनिकांची दफनभूमी आहे.