झाकलेले पैसे, सोडलेले पैसे

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या मुळच्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सात बिऱ्हाडं एकत्र येतात. एरवी कोणी म्हापशात, कोणी मडगावात, कोणी पुण्यात. पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची मांडणी, बांधायच्या दिवशी सगळे एकाच ओसरीवर. खर्चाचा हिशेब मी एक्सेलवर ठेवते. मूर्ती, माटोळीचं सामान, भटजींची दक्षिणा, नारळ, गॅस, पंगतीचं वाणसामान. एका वर्षी बेरीज आली २४,६५०. तिला सातानं भागलं, पैशांची कटकट नको म्हणून दशांश कमी करायचं बटण दाबत गेले आणि प्रत्येक घरापुढे ३,५२१ असा नेटका आकडा उमटला. खाली एकूण २४,६५०. कागद छापला आणि ओसरीवर ठेवला.

काकांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि सात वेळा ३,५२१ मांडून बेरीज केली. आली २४,६४७. "गो बाय, तीन रुपये खंय गेले?"

काकांची बेरीज बरोबर होती. संगणकाचीही बरोबर होती. दोघांनी वेगवेगळे आकडे मिळवले होते, एवढंच. एका घराचा वाटा खरा होता ३,५२१.४२८५७१ आणि पुढे न संपणारा. मी जे बटण दाबलं ते फॉरमॅटचं. फॉरमॅट आकड्याला हात लावत नाही, त्याच्यावर पडदा टाकतं. पडद्यामागे त्रेचाळीस पैसे तसेच बसलेले असतात, आणि बेरीज, गुणाकार, सरासरी सगळं पडद्यामागच्या आकड्यावर चालतं. काकांना मात्र फक्त पडदा दिसत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे राउंड हे फंक्शन. बरोबरचं चिन्ह, राउंड, मग कंसात भागाकार, स्वल्पविराम आणि शून्य (म्हणजे दशांश नकोत), असं लिहिलं की त्या चौकटीत खरोखरच ३,५२१ उरतो. त्रेचाळीस पैसे झाकले नाहीत, सोडून दिले. आता सात वाट्यांची बेरीज संगणकही २४,६४७ अशीच देतो. कागदावर दोन्ही चौकटी तंतोतंत सारख्या दिसतात, म्हणूनच गल्लत होते. कुठली कुठली ते ओळखायचं असेल तर चौकटीचं फॉरमॅट 'जनरल' करून पाहा. झाकलेले पैसे लगेच बाहेर येतात. सोडलेले येत नाहीत.

मग राउंडच सगळीकडे वापरावं का? नाही, आणि इथेच शिकताना सगळ्यात जास्त चुका होतात. समजा नारळ शंभराला तीन या दरानं विकले. एका नारळाचे झाले ३३ रुपये ३३ पैसे आणि काही. तो दर राउंड करून ३३ केला आणि ४५० नारळांनी गुणला तर हाती १४,८५०. खरे व्हायला हवेत १५,०००. दीडशे रुपये मधल्या एका चौकटीत सांडले. इथे दर नुसता फॉरमॅटनं ३३ दाखवला असता तर गुणाकार बरोबर १५,००० आला असता. मी स्वतः हा नियम धरते: जो आकडा माणूस खिशातून काढून देणार आहे किंवा हातात घेणार आहे, तो राउंड करावा. जो आकडा पुढच्या हिशेबाची पायरी आहे, त्याला फक्त फॉरमॅट. राउंड असलंच तर शेवटच्या पायरीवर.

चवथीच्या हिशेबात आता मी राउंडअप, म्हणजे नेहमी वरच्याच बाजूला नेणारं फंक्शन, वापरते आणि शून्याच्या जागी उणे एक घालते. उणे एक म्हणजे दहाच्या पटीत. वाटा होतो ३,५३०, जमतात २४,७१०, आणि वरचे साठ रुपये 'शिल्लक' अशा स्वतंत्र ओळीत, पुढच्या वर्षासाठी. काकांची पेन्सिल आणि माझी शीट आता एकच उत्तर देतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

दोन मार्ग मात्र टाळा. टेक्स्ट हे फंक्शनही आकडा सुंदर दाखवतं, पण त्याचा मजकूर करून टाकतं. मग त्या रांगेवर सम हे बेरजेचं फंक्शन लावलं तर तो मजकूर मोजलाच जात नाही. आणि एक्सेलच्या सेटिंगमध्ये 'दिसतो तोच आकडा धरा' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो निवडला की त्या फायलीत टाइप केलेले आकडेही कायमचे दिसतात तेवढेच उरतात. पर्याय परत काढला तरी गेलेले दशांश परत येत नाहीत.

आता मजेचा भाग. तारीख हीसुद्धा फॉरमॅटचा पडदा घातलेली साधी संख्याच असते. चौकटीत १९ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीचा दिवस, लिहा आणि फॉरमॅट जनरल करा. दिसेल २२६३४. घटकराज्याचा दिवस, ३० मे १९८७, होतो ३१९२७. वजाबाकी ९,२९३ दिवस. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजतं, आणि मध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही मोजतं. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली ती चूक. जुन्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली.

वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा. म्हणून 'नाऊ' हे आत्ताची तारीख आणि वेळ देणारं फंक्शन फॉरमॅटनं नुसती तारीख दाखवत असलं तरी ते फक्त आजची तारीख देणाऱ्या 'टुडे'च्या बरोबरीचं नसतं, कारण पडद्यामागे तास दडलेले असतात. ते काढायला इथे राउंड चालत नाही! दुपारी बारानंतर राउंड केलं तर उद्याची तारीख येते. इथे हवं इंट हे फंक्शन, जे अपूर्णांक सोडून आजच्यावरच थांबतं.

गेल्या चवथीला आरती व्हायची होती, तोवर मुलं लॅपटॉपभोवती बसली. प्रत्येकानं आपली जन्मतारीख घातली, आजच्या तारखेतून वजा केली आणि आपण किती दिवसांचे झालो ते काढलं. मग त्यांनी काकांचे दिवस काढले. इतिहासाचं पुस्तक वाचून झालेल्या एकानं २५ नोव्हेंबर १५१० घातला, पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा जिंकला तो दिवस. एक्सेलला १९०० पूर्वीची तारीख तारीख वाटतच नाही, त्यामुळे ती डावीकडे चिकटून मजकूर म्हणून बसली. मी लिबरऑफिस कॅल्क हा एक्सेलसारखाच दुसरा प्रोग्रॅम उघडून दिला. तिथे तीच तारीख उजवीकडे सरकली, आणि फॉरमॅट बदलल्यावर लांबलचक उणे संख्या दिसली. ओसरीत आरतीचं घुमट, ते मातीचं वाद्य, वाजू लागलं तरी पोरं उठायला तयार नव्हती.