चुंबकीय मेंदू-उद्दीपन (मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर)

मज्जारज्जूला मार लागून हातापायांतले बळ गेले असता, डोक्याशी धरलेल्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) चुंबकीय स्पंद देऊन मेंदू आणि स्नायू यांच्यातला उरलासुरला संपर्क बळकट करण्याची पद्धत. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘टीएमएस’ (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन).

सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला ही दुखापत समजायला ताणा (मागावरचे उभे धागे) डोळ्यांपुढे आणला तरी पुरे. मज्जारज्जूही असाच धाग्यांचा जुडगा, मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली उतरलेला. सगळे धागे तुटले तर दुखापत पूर्ण, काही शाबूत राहिले तर अपूर्ण. मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येते. मज्जारज्जूत ती मारता येत नाही, आणि टीएमएसही ती मारत नाही. वाचलेल्या धाग्यांकडून अधिक काम करून घेणे एवढाच त्याचा हेतू, म्हणून आशा मुख्यतः अपूर्ण दुखापतीत.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. कॉइलमधून क्षणभर मोठा प्रवाह सोडला की दीड-दोन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र उठते आणि मिलिसेकंदाच्या आत विरते. कवटी त्याला अडवत नाही. दोन-तीन सेंटीमीटर आतल्या मेंदूपेशींत सूक्ष्म प्रवाह खेळतो. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या संशोधकांनी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन स्नायू हलवला होता, पण तो झटका दुखत असे. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये चुंबकाने तेच जवळजवळ वेदनेविना साधले.

प्रत्यक्षात दिसते ते असे : कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला नेमक्या जागी येते, ‘टक्’ आवाज होतो आणि उजवा अंगठा आपोआप उडतो. अंगठ्याच्या बुडाशी चिकटवलेला इलेक्ट्रोड स्नायूतल्या विजेची लाट पडद्यावर उमटवतो. मज्जारज्जू दुखावलेल्या माणसात ती बारीक असते, उशिरा येते किंवा येतच नाही. कधी मात्र न हलणाऱ्या स्नायूतही ती उमटते, आणि वाट पुरती बंद नाही हे कळते. तपासणी म्हणून टीएमएसचे हे मोल उपचाराहून कमी नाही.

उपचारात स्पंद ओळीने देतात. सेकंदाला ५ किंवा अधिक स्पंद दिल्यास मेंदूची उत्तेजनक्षमता सहसा वाढते, १ च्या गतीने घटते. दुसऱ्या पद्धतीत मेंदूला चुंबकीय स्पंद आणि मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका अशा मेळाने देतात, की दोन्ही संदेश मज्जारज्जूत एकाच वेळी भेटावेत. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांच्या हातांत सुधारणा दिसली. रुग्ण होते ४. पुढचे अभ्यासही बहुतांशी लहानच असून त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये टीएमएसला मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. त्यामुळे “तेच मशीन आमच्या दादाला चालेल का?” या नातेवाइकांच्या प्रश्नाला आज सरळ ‘हो’ म्हणता येत नाही.

स्पंदांनी जाग्या झालेल्या वाटेवरून लगेच काम करून घ्यावे लागते. कडक भाकरीचा तुकडा मोडायला अंगठा आणि बोटांची जी पकड लागते, ती रोजच्या फिजिओथेरपीनेच बसते. घरात पैसा बेताचा असेल तर तो आधी व्यायाम, शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा) टाळणे आणि लघवीची निगा यांवर खर्चावा. बाजारातल्या चुंबकाच्या पट्ट्यांचा या उपचाराशी काही संबंध नाही. त्यांचे क्षेत्र स्थिर असते, त्यामुळे मेंदूत वीज खेळत नाही.

डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेले यंत्र) किंवा छातीत पेसमेकर असल्यास हे स्पंद सहसा देत नाहीत. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून पूर्वी फिट आली असल्यास किंवा अपघातात डोक्यालाही मार बसला असल्यास ते आधीच सांगावे. स्पंद चालू असताना कानात बोळे घालतात.