‘पाणी’ शोधले की ‘पाण्यात’ का सापडत नाही?

मराठी मजकुराच्या डेटाबेसमध्ये ‘पाणी’ शोधा. ‘पाण्यात’, ‘पाण्याचा’, ‘पाण्यावर’ अशा नोंदी हाती लागत नाहीत. ‘लाइक’ ही शोधाची आज्ञा वापरून शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह (म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) लावले तरी उपयोग नाही, कारण ‘पाण्यात’मध्ये ‘पाणी’ ही अक्षरे सलग येतच नाहीत. ‘घर’ शोधल्यावर ‘घरात’ मिळते, पण सोबत ‘घराणे’, ‘घरटे’ आणि चक्क ‘घर्षण’ही येते, संगणकाच्या लेखी ‘घर्षण’ची सुरुवात घ, र आणि मग पाय मोडल्याचे चिन्ह अशीच असते. शिवाय टक्का आधी लावला की साधा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, कामाला येत नाही, सगळे टेबल चाळावे लागते.

शब्दांची रूपे ओळखण्याचा प्रश्न रिलेशनल, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसपेक्षा जुना आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले 1970 मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी, 1968 मध्ये, ज्यूली बेथ लव्हिन्स यांनी इंग्रजी शब्दांचे शेवट छाटण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. त्यांच्या यादीत 294 प्रत्यय होते. 1980 मध्ये मार्टिन पोर्टर यांनी त्याहून आटोपशीर नियम दिले आणि ‘स्टेमर’, म्हणजे शब्द छाटून मूळ रूपावर आणणारी पद्धत, म्हटले की पोर्टर हेच नाव पुढे येऊ लागले. कनेक्ट, कनेक्टेड, कनेक्शन ही सारी रूपे ‘कनेक्ट’वर आणायची, इतका सरळ हेतू. मात्र कात्री कधी जास्त चालते: ‘युनिव्हर्स’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ या दोन्हींचा एकच बुंधा उरतो.

ग्रंथालये आणि संशोधन-साहित्याच्या शोधासाठी घडलेले हे तंत्र डेटाबेसमध्ये रुळले ते मुख्यतः नव्वदीच्या दशकात. मायक्रोसॉफ्टच्या 1998 च्या एसक्यूएल सर्व्हर 7.0 या डेटाबेसमध्ये ‘कंटेन्स’ या शोधाच्या आज्ञेच्या आत ‘फॉर्म्सऑफ इन्फ्लेक्शनल’ लिहून शब्दाची व्याकरणिक रूपे मागता येऊ लागली. तिथे इंडेक्समध्ये शब्द जसाच्या तसा राहतो आणि प्रश्न विचारताना त्याचा विस्तार होतो. ओरॅकल या डेटाबेसमध्ये शब्दाआधी डॉलरचे चिन्ह लावले की असेच होते. पोस्टग्रेस या मुक्त-स्रोत डेटाबेसची रीत उलटी: मजकूर इंडेक्समध्ये जातानाच शब्द मूळ रूपावर आणला जातो, आणि शोधशब्दावरही तोच संस्कार होतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या फुलटेक्स्ट (पूर्ण मजकुराच्या) इंडेक्समध्ये मूळची अशी सोयच नव्हती. तिथे शब्दाच्या शेवटी तारका लावून भागवावे लागे.

पोस्टग्रेसची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. तिथला टेक्स्ट सर्च ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगाएव या मॉस्को विद्यापीठाशी संबंधित दोघांनी घडवला. बार्तुनोव तर खगोलशास्त्राचे. त्यांची रशियन भाषा विभक्त्यांनी गच्च भरलेली, त्यामुळे इंग्रजीपुरती छाटणी त्यांना पुरणारी नव्हती आणि शब्दकोश जोडण्याची सोय त्यांनी ठेवली. 2008 च्या 8.3 आवृत्तीत हे काम मूळ पोस्टग्रेसमध्ये आले. देवनागरीची एक अडचणही पुढे दूर झाली. काना-वेलांटीसारखी चिन्हे ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत, त्यामुळे शब्द मात्रेपाशी तुटे. पार्सरमध्ये, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागात, अशा चिन्हांची वेगळी यादी घालून ते थांबवले गेले.

मग स्टेमरचे काय? पोर्टर यांच्याच ‘स्नोबॉल’ या अनेक भाषांच्या स्टेमरच्या प्रकल्पातून पोस्टग्रेस स्टेमर घेते. त्यातून नेपाळी आणि तमिळ 12 व्या आवृत्तीत आल्या, हिंदी 14 व्या. या हिंदी स्टेमरचा आधार आहे अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांचा 2003 चा निबंध, आणि तो लिहिला गेला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे मुंबई परिसरातच! मराठी मात्र 17 व्या आवृत्तीपर्यंतही त्या यादीत नाही.

हिंदीची युक्ती मराठीला तशीच लावता येत नाही. हिंदीत ‘पानी में’ हे दोन सुटे शब्द, ‘पानी’ला धक्काही लागत नाही. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी शब्दच बदलतो: पाऊस–पावसात, माणूस–माणसाला, शेतकरी–शेतकऱ्याने. शाळेत आपण ज्याला सामान्यरूप म्हणून शिकलो, ते हेच. त्यावर ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ अशी प्रत्ययांची आणि अव्ययांची रांग लागते. म्हणून आधी शेवट एकेक करून सोडवायचे, मग सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे परतायचे, अशा दोन पायऱ्या लागतात. दुसरीला शब्दसंग्रहाची मदत हवीच. ‘पाण्या’वरून ‘पाणी’ कळते, पण ‘पाठीत’ ऐकून ती ‘पाठ’ आहे की ‘पाठी’ हे केवळ नियमाने कसे ठरवणार?

त्यात ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र. कुणी तो ‘ऱ’ला पाय मोडून लिहितो, कुणी साध्या ‘र्’नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. म्हणून आजही मराठी मजकुरावर काम करणारा पोस्टग्रेसमध्ये ‘सिंपल’ ही बिनस्टेमरची मांडणी निवडतो, हा र आधी एकसारखा करून घेतो, आणि टेबलात एक जादा कॉलम ठेवून मूळ रूपे स्वतःच भरतो.