सलग जग आणि लोडिंगची पट्टी: ऑनलाइन आरपीजीमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नवा ऑनलाइन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन खेळायचा गेम) जाहीर झाला की गेमर मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जग सलग आहे की मध्ये मध्ये लोडिंग स्क्रीन, म्हणजे पुढचा भाग तयार होईपर्यंत खेळ थांबवणारे पडदे, आहेत? 'आहेत' असं उत्तर आलं की निम्मे लोक तिथेच नाक मुरडतात. लोडिंग स्क्रीन म्हणजे कंपनीचा आळस आणि सलग जग म्हणजे प्रगती, असं समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर हे समीकरण फारसं टिकत नाही.

मुळात लोडिंगच्या एका पट्टीमागे दोन वेगळ्या अडचणी असतात. पहिली खेळणाऱ्याच्या घरातली. पुढच्या प्रदेशातले डोंगर, झाडं, घरं आणि आवाज हार्ड डिस्कवरून रॅममध्ये यायला वेळ लागतो, आणि रॅम अपुरी असेल तर आधीचा प्रदेश तिथून काढून टाकावा लागतो. दुसरी अडचण कंपनीच्या सर्व्हरवरची. हजारो खेळाडूंचा हिशेब एकाच यंत्राला झेपत नाही, म्हणून नकाशाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या यंत्रांकडे सोपवतात. तुम्ही रेष ओलांडली की तुमचं पात्र, त्याची पिशवी, त्याच्या जखमा, त्याच्यामागे लागलेला राक्षस हे सगळं एका यंत्राने दुसऱ्याच्या हवाली करायचं. गाडी घाटातून जात असताना फोन एक टॉवर सोडून दुसरा पकडतो, तसाच हा प्रकार. जमलं तर कळत नाही, फसलं की बोलणं तुटतं. पडद्यावरची पट्टी या दोन्ही गोष्टी एकदम झाकते, त्यामुळे नेमकी अडचण कोणती होती हे खेळणाऱ्याला कळतच नाही.

हा प्रश्न चित्रांबरोबर आला. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलेला 'मड' हा गेम निव्वळ मजकुराचा होता. जग म्हणजे एकमेकींना जोडलेल्या खोल्या. उत्तरेला जायचं टाइप केलं की पुढच्या खोलीचं वर्णन हजर. चार ओळी लोड व्हायला कितीसा वेळ लागणार!

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये ओरिजिन कंपनीचा 'अल्टिमा ऑनलाइन' आला. त्याचा ब्रिटानियाचा नकाशा तिरक्या कोनातून दिसणारा, द्विमितीय आणि खेळाडूच्या संगणकावर आधीच उतरवलेला होता. त्यामुळे घरातली अडचण जवळपास सुटली होती. सर्व्हरकडची मात्र होतीच. नकाशाचे भाग वेगवेगळ्या यंत्रांवर होते आणि त्यांच्यामधली न दिसणारी हद्द खेळाडूंनी लवकरच हुडकून काढली. 'सर्व्हर लाइन' असं तिचं नावही पडलं. ती ओलांडताना पात्र क्षणभर अडखळायचं. वस्तूंच्या नकला पाडणाऱ्यांनी आपली दुकानं थाटली ती याच रेषेवर. हवाली करण्याच्या त्या क्षणी पात्राची नोंद दोन यंत्रांकडे असायची, आणि नेमकं तेव्हाच एक यंत्र कोलमडलं तर पिशवीतला माल दोन्हीकडे शिल्लक राहायचा. म्हणजे पडद्यावर लोडिंगची पट्टी दिसत नव्हती, पण तिच्यामागचा सांधा गेला नव्हता, आणि तो उघडा पडला की अख्ख्या गेमची अर्थव्यवस्था हलायची.

'एव्हरक्वेस्ट'ने, म्हणजे १६ मार्च १९९९ ला सुरू झालेल्या गेमने, हा सांधा लपवायचा प्रयत्नच केला नाही. त्याचं नोराथ हे जग संपूर्ण त्रिमितीय होतं आणि खेळणाऱ्यांच्या संगणकांत रॅम असायची ३२ किंवा ६४ एमबी. म्हणून जगाचे झोन पाडले, प्रत्येक झोनभोवती डोंगरांची नाहीतर भिंतींची कड उभी केली आणि मध्ये एखादी खिंड किंवा बोगदा ठेवला. त्या खिंडीत पाऊल टाकलं की पडदा थबकायचा आणि 'लोडिंग, प्लीज वेट' अशी पाटी यायची. संगणक जुना असेल तर तेवढ्यात चहा व्हायचा.

पण या पाटीभोवती खेळाडूंनी काय उभं केलं ते पाहण्यासारखं आहे. राक्षस झोनची हद्द ओलांडू शकत नव्हते. त्यामुळे लढाई अंगाशी आली की जीव घेऊन झोनच्या कडेकडे धावायचं हा सगळ्यांचा शेवटचा उपाय. क्वेनोस शहराजवळच्या ब्लॅकबरो या गुहेतून नवखे खेळाडू पळत सुटायचे आणि मागे नोल नावाच्या कुत्रातोंड्या राक्षसांची रांग लागायची. या रांगेला 'ट्रेन' म्हणत. पळणाऱ्याने 'ट्रेन टू झोन!' अशी आरोळी ठोकायची, ही तिथली रीत. तो स्वतः हद्दीपलीकडे निसटायचा. चिडलेले नोल परत फिरताना मात्र कडेला निवांत बसलेल्या दुसऱ्याच कुणालातरी फाडून खायचे. कुणी नेमकं त्याच वेळी पलीकडून आत येत असेल, तर त्याची पाटी हटेपर्यंत त्याला मार पडायला सुरुवात झालेली असायची. यावरून भांडणं झाली, माफ्या मागितल्या गेल्या आणि कुणाच्या ओळखीही झाल्या. ईस्ट कॉमनलँड्समधल्या बोगद्यात तर खेळाडूंनी आपणहून बाजार भरवला. गेममध्ये लिलावाची सोय नव्हती, म्हणून लोक तिथे जमून ओरडून माल विकायचे. झोनची मर्यादा अशी होती की ओरडलेलं त्या एका झोनपुरतंच ऐकू जायचं, आणि म्हणूनच सगळ्यांना एका ठिकाणी यावं लागायचं. माझ्या मते एव्हरक्वेस्टच्या आठवणी काढणारे लोक ज्या 'जिवंतपणा'साठी हळहळतात, त्यातला बराचसा या कडांनी दिला होता.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला टर्बाइन कंपनीचा 'अ‍ॅशरन्स कॉल' आला, मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली. त्याने नेमकं उलट केलं. डेरेथ हे सुमारे २४ मैल लांब-रुंद बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चालून जाता यायचं. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून खेळाडूच्या आसपासचे तेवढेच उचलायचे आणि गर्दीप्रमाणे सर्व्हरमधली वाटणी बदलत राहायची, अशी योजना होती. काळाच्या कितीतरी पुढची. पण एकाच गावात फार लोक जमले तर? त्यावर तोडगा म्हणून 'पोर्टल स्टॉर्म' होतं. गर्दी हाताबाहेर गेली की गेम त्यातल्या काही जणांना उचलून रानात कुठेतरी फेकून द्यायचा. भिंत नको म्हटल्यावर गर्दी आवरायला दुसरं काहीतरी लागणारच होतं.

हा सगळा अनुभव गोळा करून २३ नोव्हेंबर २००४ ला ब्लिझर्डने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणला. लोकांच्या मनात सलग जगाची जी कल्पना आहे ती बहुतांशी इथूनच आली. दोन खंड, आणि प्रत्येक खंड आतून अखंड. जमिनीचे तुकडे पाठीमागे गुपचूप लोड होत राहायचे, लांबचं धुक्यात विरायचं. ग्रिफिन या पंखवाल्या प्राण्यावर बसून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना खालून जंगल, दलदल, राखेचं माळरान सरकत जायचं आणि पट्टी एकदाही यायची नाही. आता हेही पाहा: ही उड्डाणं कधी कधी कितीतरी मिनिटं चालायची. एव्हरक्वेस्टची पाटी त्यापेक्षा लवकर हटायची. लोडिंग वाचलं, वेळ वाचला नाही. तरीही कुणी कुरकुर केली नाही, कारण पाहायला काहीतरी होतं.

ब्लिझर्डने लोडिंग काढून टाकलं नव्हतं, ते नीट निवडलेल्या जागी ठेवलं होतं. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला जहाज किंवा झेपलिन (फुग्याचं हवाई जहाज), आणि भर समुद्रात पट्टी. आयर्नफोर्ज आणि स्टॉर्मविंड जोडणाऱ्या भुयारी ट्राममध्ये शिरताना पट्टी. अंधारकोठड्यांच्या, म्हणजे टोळीने मिळून लढायच्या बंदिस्त जागांच्या, दारात गरगरणारं पोर्टल, मग पट्टी. प्रवासाला निघाल्यावर किंवा उंबरठा ओलांडताना थांबावं लागलं तर माणसाला ते खुपत नाही, हा हिशेब अचूक होता. सुरुवातीच्या काळात जहाजं इतकी बिघडायची की ती बंद ठेवून मेनेथिल हार्बरच्या धक्क्यावर एक पात्र उभं करण्यात आलं. त्याच्याशी बोललं की तो थेट पलीकडे पोचवायचा. त्याचं नाव कॅप्टन प्लेसहोल्डर, म्हणजे 'तात्पुरती जागा भरणारा'. जहाजं दुरुस्त झाल्यावर त्याला काढलं, तर खेळाडूंना चुटपुट लागली!

सर्व्हरकडचा प्रश्न मात्र इथेही वर आला. जानेवारी २००६ मध्ये आन्किराजची दारं उघडायचा सोहळा झाला. सर्व्हरवरचे झाडून सगळे खेळाडू सिलिथसच्या वाळवंटात लोटले आणि सर्व्हर कोसळत राहिले. सलग जगात सगळ्यांनी एका जागी यायचं ठरवलं तर त्यांना अडवणारं काही नसतं. पुढे उडणारी वाहनं आली तेव्हा आणखी एक गोम कळली. २००७ च्या विस्तारातल्या आउटलँडमध्ये उडता यायचं, जुन्या खंडांवर नाही. तिथली जमीन आणि शहरं खालून पाहण्यासाठीच बनवलेली होती, वरून पाहिलं असतं तर घरांच्या पाठी गायब दिसल्या असत्या. जुन्या खंडांवर उडता येण्याचं काम डिसेंबर २०१० च्या 'कॅटॅक्लिझम' या विस्तारात झालं, जवळजवळ सगळा जुना नकाशा पुन्हा घडवून.

दरम्यान दुसरी एक वाट तयार झाली होती: गर्दीची वाटणी करण्यापेक्षा जागेच्याच प्रती काढायच्या. २००१ च्या 'अ‍ॅनार्की ऑनलाइन'मध्ये मोहिमांसाठी खासगी जागा होत्या. २००५ च्या 'गिल्ड वॉर्स'ने तर शहराची वेस ओलांडली की बाहेरचं अख्खं रान तुमच्या टोळीपुरतं वेगळं बनवलं. मासिक वर्गणी नाही, राक्षसासाठी रांग नाही, आणि वाटेत अनोळखी माणूसही नाही. २००७ चा 'व्हॅनगार्ड' बरोबर विरुद्ध टोकाला उभा होता. एव्हरक्वेस्टवाल्या ब्रॅड मॅकक्वेडच्याच कंपनीने केलेला, पूर्ण सलग जगाची हमी देणारा. प्रत्यक्षात नकाशाच्या एका चौकोनातून पुढच्यात जाताना गेम असा गचके खायचा की लोक म्हणायचे, त्यापेक्षा पट्टी परवडली.

पण या वादातला सगळ्यात बोलका दाखला 'फायनल फँटसी चौदा'चा आहे. ३० सप्टेंबर २०१० ला त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिचे प्रदेश सलग होते. तेवढी जमीन भरून काढण्यासाठी निर्मात्यांनी डोंगराचे, झाडांचे, पायवाटांचे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवले. तासभर चालत राहिलं तरी आपण पुढे आलो की मागे गेलो हे कळू नये, अशी अवस्था. दुसरीकडे मेहनत भलत्याच ठिकाणी गेलेली. नंतर प्रकल्पाची सूत्रं घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी एका कुंडीचं उदाहरण दिलं होतं. साधी शोभेची फुलाची कुंडी, पण तिला खेळाडूच्या पात्राइतके बहुभुज (त्रिमितीय आकार ज्यांनी बनतो ते सपाट तुकडे) खर्ची पडलेले. अशा दहा-वीस कुंड्या आणि शेजारी तितकीच माणसं उभी राहिली की संगणक गुडघे टेकणारच.

तो गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने आणला, आणि या वेळी जाणूनबुजून झोन पाडून. एक कारण म्हणजे गेम प्लेस्टेशन ३ या गेमयंत्रावरही चालवायचा होता. त्या यंत्राची मुख्य मेमरी २५६ एमबी आणि चित्रांसाठी तेवढीच वेगळी. ग्रिडानिया, उल्दा, लिम्सा लोमिन्सा या तिन्ही राजधान्या चक्क अर्ध्या अर्ध्या चिरल्या, एका अर्ध्यातून दुसऱ्यात जाताना पट्टी. कागदावर ही माघारच. पण झोन लहान झाल्याने प्रत्येक कोपऱ्यावर हात फिरवता आला, आणि तो गेम आज या क्षेत्रातल्या सर्वांत यशस्वी गेमांमध्ये गणला जातो. २०१७ मध्ये प्लेस्टेशन ३ ला रामराम केल्यावरही चिरलेली शहरं तशीच राहिली.

'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेमने तिसराच मार्ग धरला. तारामंडळांमधून जायला गेट आहेतच, पण एका मंडळात हजारो जहाजं भिडली तर काय? गेम घड्याळच हळू करतो, गरज पडली तर मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ मधली बी-आर-फाइव्ह-आर-बी या मंडळातली लढाई अशीच सुमारे २१ तास चालली. तोफ डागायची आणि मग तिचा परिणाम दिसेपर्यंत थांबायचं. लोडिंगची पट्टी नाही, तरी सगळा वेळ वाट पाहण्यातच.

घरातली अडचण अलीकडे बरीच हलकी झाली. नोव्हेंबर २०२० मधल्या प्लेस्टेशन ५ ची एसएसडी (फिरत्या तबकडीशिवायची वेगवान डिस्क) सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, जुन्या हार्ड डिस्कची मजल शंभर एमबीच्या आतबाहेर असायची. लांबलचक लिफ्ट आणि वळणाचे बोळ यांचा आडोसा घेऊन लोडिंग उरकायची गरज त्यामुळे कमी झाली. पण म्हणून सगळा दोष डिस्कच्या माथी मारणंही बरोबर नाही. 'जीटीए ऑनलाइन' आरपीजी आहे का यावर वाद होईल, पण त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१३ पासून लोक त्यात मिनिटांमागून मिनिटं लोडिंगच्या पडद्यावरच्या ढगांकडे बघत बसायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने गेम उलगडून पाहिला. विक्रीच्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची यादी गेम वाचत होता, आणि प्रत्येक नोंद वाचताना उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत होता. शिवाय प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहत होता. हे दोन दोष काढल्यावर त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचं लोडिंग दोनच्या आत आलं. कंपनीने चूक मान्य केली, त्याला १० हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला. सात वर्षं लोक आपल्या हार्ड डिस्कला शिव्या देत होते.

आता ओझं बरंचसं सर्व्हरकडे गेलं आहे, आणि तिथे प्रती काढण्याचा उपाय सलग जगालाच लावला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्लिझर्डने 'वॉरक्राफ्ट क्लासिक' काढला, सुरुवातीच्या वॉरक्राफ्टचा अनुभव जसाच्या तसा देण्याचं आश्वासन देऊन. गर्दी इतकी होती की प्रत्येक सर्व्हरवर अख्ख्या खंडांचे अनेक थर ठेवावे लागले. जमीन सलग, पट्टी नाही, पण शेजारी उभा असलेला मित्र दुसऱ्या थरात असेल तर दिसत नाही. त्याच्या टोळीत सामील झालं की तुम्ही त्याच्या थरात जाता. खेळाडूंनी याचाही धंदा केला: एका थरातली खनिजं खणून संपली की टोळी बदलायची आणि दुसऱ्या थरात तीच खाण पुन्हा भरलेली. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या टप्प्यात अझुरेगॉस आणि कझॅक हे जगातले मोठे राक्षस यायचे होते. ते सर्व्हरवर एकेकच असले पाहिजेत, म्हणून त्याआधी थर काढून टाकले. त्याच टप्प्यात खेळाडूंनी एकमेकांना मारण्याबद्दल मानगुण मिळू लागले, आणि ब्लॅकरॉक पर्वताच्या वाटेवर गेममधल्या दोन्ही वैरी पक्षांच्या झुंडी ठाण मांडून बसल्या. कोठडीच्या दारातल्या पट्टीपर्यंत जिवंत पोचणं हीच तिथली मोठी मोहीम झाली होती.