घाट चढून आलेलं मीठ: सीमाभागातल्या तिखटमिठाची पार्श्वभूमी

सीमाभागातल्या घरांत तिखटमीठ करताना खडेमीठ आधी तव्यावर कोरडं भाजून घेण्याची रीत आहे. पिशवीतलं बारीक मीठ वापरणारेही सवयीने तेच करतात. ही पायरी कुठून आली हे समजलं, की आता कढीपत्त्याचं किंवा लसणाचं मीठ करताना काय बदलायला हवं तेही कळतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मीठ पिकत नाही. कोकण-गोव्याच्या मिठागरांतलं मीठ रामघाट, चोर्ल्यासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून वर येई. या मिठाला मॅग्नेशियम क्लोराइड चिकटलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ पाणी ओढतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होऊ लागतं. मग खानापुरातल्या पावसात मिठाचं मडकं पाझरणारच. मिठागरात रास बरेच दिवस पडून राहिली की कडवट द्राव निथळतो, म्हणून जुनं मीठ बरं. भाजल्याने ओल जाते, मॅग्नेशियम जात नाही. वारा लागला की ते पुन्हा ओलावतं. त्यामुळे भाजलेलं मीठ लगेच कुटून बंद करावं लागे.

त्यात मीठ महागही होतं. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातलं मीठ उत्पादनही इंग्रजांच्या ताब्यात गेलं. तो करार १८९२मध्ये संपला. १८८२च्या कायद्याने मिठावरची सरकारी मक्तेदारी पक्की केली. १९३०मध्ये दांडीपाठोपाठ एप्रिलात अंकोल्याला आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाले; दोन्ही ठिकाणं इथून घाटाखालीच. कर उठला १९४७मध्ये.

मसाला घातलेलं मीठ त्याहून पुष्कळ जुनं. चरकसंहितेत सैंधव, सौवर्चल, बिड अशी मिठं वेगवेगळी सांगितली आहेत आणि लवणभास्कर चूर्ण हे मसाल्यांत कालवलेलं मीठच आहे. मिरची आली सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. इथल्या तिखटमिठाला रंग ब्याडगीचा आणि ठसका संकेश्वरीचा. ही जोडी आम्हाला दुसऱ्या कुठल्याही मिरचीपेक्षा सरस वाटते.

मोठा बदल मात्र मिठातच झाला. गलगंड रोखण्यासाठी १९६२पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६मध्ये थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर बंदी आली. उष्णता आणि ओल या दोन्हींनी आयोडीन घटतं. म्हणून आयोडीनयुक्त बारीक मीठ भाजू नये. मसाला भाजावा, तो पूर्ण गार करावा आणि मग मीठ मिसळावं. गरम मसाल्याची वाफ मिठात शिरली की दुसऱ्या दिवशी गुठळ्या. दुसरी अडचण मापाची. चमचाभर बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं, खडेमीठ त्याहून कमी, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. जुनी वाटीच्या मापाची कृती बारीक मिठाने केली तर ती खारट होते. वजनानेच घ्यावं.

तिखटमिठाला १०० ग्रॅम मिठामागे देठ काढलेली ब्याडगी १० ग्रॅम, संकेश्वरी ५ ग्रॅम. मिरच्या मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंतच परताव्यात. काळा डाग पडला की सगळं मीठ कडू होतं. आधी मिरची पूड करावी, मीठ शेवटी घालून दोनदाच फिरवावं, नाहीतर मीठ पिठासारखं होऊन चिकटतं. कढीपत्ता धुऊन, पुसून सावलीत वाळवावा. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. पान मुठीत चुरा होत नसेल तर ते तयार नाही. १०० ग्रॅमला वाळलेला चुरा १० ग्रॅम पुरतो. लसूण सोलून २० ग्रॅम घ्यावा आणि अगदी पातळ कापून वाळवावा. जाड काप वरून कडक दिसतात, पण आत ओले राहतात. काप मोडताना कट्कन आवाज यायला हवा.

आमसुलाचं मीठ थोडंच करावं. आमसूल कितीही वाळवलं तरी चिवट राहतं, शिवाय बरेचदा त्याला मीठ लावलेलंच असतं. ते चाखून मगच मीठ घालावं. ते लोखंडी खलबत्त्यात कुटू नये: आंबटाने लोखंड सुटतं आणि मीठ काळपट पडतं. दगडी खल चांगला. बरणी काचेची, झाकण प्लॅस्टिकचं, कारण पत्र्याचं झाकण मिठाने गंजतं. जून ते सप्टेंबर मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा आठवड्याचं मीठ छोट्या डबीत काढून घ्यावं.